व्यक्ती क्रमांक दोन

तिला सगळे वहीवाली म्हणत. दार उघडणाऱ्याला आधी दिसायची ती छातीशी धरलेली निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही, आणि मग वहीमागची बाई. सरकारी पाहणीचं काम होतं. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, हे घरोघर जाऊन लिहून आणायचं. एका पानावर अर्ध्या अर्ध्या तासाच्या अठ्ठेचाळीस ओळी, पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत. घरातल्या प्रत्येक माणसाला एक पान. कर्ता पुरुष व्यक्ती क्रमांक एक, त्याची बायको क्रमांक दोन, मग बाकीची मंडळी.

अकरा वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. काल दिवसभर काय केलंत असं पुरुषाला विचारलं, की तो सांगत सुटतो. बाईला विचारलं, की ती ओले हात पुसत म्हणते, काही नाही, घरीच होते. मग वहीवाली हळूच विचारायची, बरं, सहाला काय करत होतात? साडेसहाला? अशी एकेक ओळ पुढे सरकली, की त्या ‘काही नाही’तून इतकं काही बाहेर पडायचं की पानाला जागा पुरायची नाही. भरलेलं पान बघून काही बायका वही मिटायला सांगत. एकीने तर ते खोडून टाकायला सांगितलं होतं. नवरा म्हणेल, उगाच फुगवून सांगितलंस.

तिच्या स्वतःच्या घरी काही वेगळं नव्हतं. प्रशिक्षणाच्या वेळी सरावासाठी आपलंच पान घरून भरून आणायला सांगितलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून. नवरा बस डेपोत हजेरी कारकून. मी पहाटे पाच ते सात काय करते, असं तिने त्याला विचारलं. त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं आणि म्हणाला, झोपलेली असतेस ना. तो स्वतः सातला उठत असे. तिने तसंच लिहून दिलं. त्या ‘झोपेत’ तिने पाणी भरलं होतं, तीन डबे केले होते, सासूबाईंचे गुडघे शेकले होते आणि लेकीची वेणी घातली होती. यावर घरात कुणी हसलं नाही, कारण यात हसण्यासारखं काही आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती मोरीत जाऊन एकटीच हसली.

तर अशा या वहीवालीच्या वाट्याला त्या वर्षी काचकारखान्याच्या कामगारांची वसाहत आली. चार मजली इमारती, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, गॅलरीभर दोऱ्या. दुसऱ्या मजल्यावरचं टोकाचं घर कारखान्यातल्या निवृत्त मुकादमाचं होतं. वय चौसष्ट. मुलगा लांब कुठेशी नोकरीला, घरी नवरा-बायको दोघंच, असं यादीत होतं.

ती गेली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मुकादमांनी दार उघडलं. धिप्पाड माणूस, पण आवाज दबका, शेजारच्या खोलीत कुणी आजारी असल्यासारखा. फरशी नुकतीच पुसलेली होती, अजून ओली, आणि तिच्यावर कुणाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं. वहीवालीला पाय टाकायला जिवावर आलं. गॅलरीतल्या दोरीवर फुलाफुलांचा बायकी गाऊन वाळत होता. आतून कांदा परतल्याचा वास येत होता आणि आतल्या दाराला जाड पडदा होता.

मुकादमांनी आपलं पान भराभर सांगितलं. सातला उठणं, चहा, पेपर, फेरफटका, जेवण, झोप, टीव्ही. पुरुषाचं पान जसं असतं तसंच. मग तिने पान उलटलं आणि म्हणाली की आता काकूंना बोलवा.

“ती काही करत नाही,” मुकादम म्हणाले. “घरीच असते.”

वहीवालीने नियम सांगितला. ज्याचं पान त्यानेच सांगायचं. मुकादमांचं म्हणणं असं, की तिला बरं नसतं, परक्या माणसासमोर ती येत नाही. वहीवाली म्हणाली, मी पडद्याबाहेरूनच विचारते. त्यावर ते उठले, बघतो म्हणाले आणि पडद्याआड गेले. मग तिला आतलं बोलणं ऐकू आलं. त्यांचा दबका आवाज, आणि त्यावर एक बारीक, किंचित किनरा बायकी आवाज.

“त्यांना चहा विचारलात का?”

थोड्या वेळाने मुकादम चहाचा कप घेऊन बाहेर आले. आज नको म्हणते, म्हणाले. चहा उत्तम झाला होता. तरी वहीवालीला तो संपवता आला नाही. कारण तिचं तिलाच सांगता येईना. जिना उतरून ती रस्त्यावर आली तेव्हा तिला जाणवलं, की आपण शेवटच्या पायऱ्या जवळजवळ पळत उतरलो.

आठवड्याने ती पुन्हा गेली. आधी शेजारच्या घराचं पान होतं. तिथली बाई शिवणकाम करायची, सगळे तिला शिवणताई म्हणत. पाय मशीनवर आणि तोंड चालू. मुकादमांच्या घरातल्या काकू दिसतात का, असं वहीवालीने सहज विचारलं.

शिवणताई म्हणाली, दिसत नाहीत, दोन वर्षांपूर्वी बहिणीकडून आल्या तेव्हापासून आजारीच आहेत. पण दाराआडून रोज बोलतात. आपली चाळणी नेली तर घासून, पुसून परत देतात. सहाच्या ठोक्याला कपडे दोरीवर. पुढे ती जे म्हणाली ते वहीवालीच्या डोक्यातून बरेच दिवस गेलं नाही.

“अशी बाई मिळायला नशीब लागतं हो. दोन वर्षांत तोंड दिसलं नाही, पण कामात एक दिवस खाडा नाही.”

कपडे वाळत कोण घालतं, ते तुम्ही बघितलंय का, असं वहीवालीने विचारलं. शिवणताईने पायडल थांबवलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, त्याच घालत असणार, आणखी कोण घालणार?

या खेपेला मुकादम तयारीत होते. बायकोचं पान मीच सांगतो, तिने मला सगळं सांगून ठेवलंय, म्हणाले. दुसऱ्याच्या तोंडचं पान अगदी नाइलाज असेल तरच घेता यायचं. वहीवालीने घेतलं. तिला वाटलं, दोन ओळींत आटपेल.

मुकादम सांगायला लागले. पाचला उठते, कारण नळाला पाणी फक्त चाळीस मिनिटं असतं. आधी पिण्याचं, मग पिंप, मग बादल्या. हा क्रम चुकला तर पिंप अर्धं राहतं. साडेपाचला कपडे भिजवते. भिजतात तोवर शेगडी पुसते, डाळ निवडते. सहाला कपडे दोरीवर. पलंगाखालची फरशी पुसताना डाव्या गुडघ्यावर भार देता येत नाही, म्हणून तिरकं बसावं लागतं. साबणाने अंगठ्याला चीर पडलीय, तिच्यात चिंच गेली की झोंबतं. दूध उतू जायच्या आधी एक बारीक आवाज येतो, तो ऐकायला शिकावं लागतं.

मधल्या रिकाम्या वेळात काय करते, असं वहीवालीने विचारलं.

“रिकामा वेळ नसतो,” ते म्हणाले. “मलाही वाटायचं असतो.”

अकरा वर्षांत एका नवऱ्यालाही आपल्या बायकोचं पान असं सांगता आलं नव्हतं. बायको सकाळी कुठल्या हाताने झाडते, हे कुणाला ठाऊक असतं? लिहिता लिहिता वहीवालीची नजर मुकादमांच्या हातांवर गेली. भट्टीजवळ आयुष्य काढलेले रुंद हात. बोटांची टोकं पाण्यात राहून पांढरी पडलेली, सुरकुतलेली. उजव्या अंगठ्याला चीर, आणि तिच्यात हळदीचा पिवळा डाग.

तिच्या मानेवर सरसरून काटा आला. आत मोरीत पिंपाची तोटी मघापासून बादलीत वाहत होती. त्याच क्षणी ती बंद झाली. पिंपातलं पाणी संपलं असेल, असं तिने नंतर स्वतःला समजावलं. पण तेव्हा मुकादम तिच्यासमोर बसलेले होते, आणि त्यांनी त्या आवाजाकडे मान वळवून नुसतं पाहिलं होतं, जणू घरातल्या माणसानेच तोटी बंद केली असावी.

“काका,” ती म्हणाली, “आत कोण आहे?”

 मुकादमांनी उठून पडदा बाजूला सारला. आत कुणी नव्हतं. लख्ख घासलेली भांडी, खाली ठेवलेली विळी, बुटकं स्टूल, खुंटीवर आणखी एक गाऊन. मोरीच्या उंबऱ्याशी बायकी चपलांचा जोड, ओला. तोही धुतलेला.

मग ते बोलले. छत्तीस वर्षांचा संसार. बायको बहिणीकडे गेली होती, तिथेच तापाने तीन दिवसांत गेली. लांबचं गाव, जे काही करायचं ते तिथेच झालं. हे एकटे परत आले. पहिल्या सकाळी घरात पाण्याचा थेंब नव्हता, कारण पाणी पाचला येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. तहानलेले गॅलरीत आले तर समोर शिवणताई. तिने विचारलं, वहिनी आल्या का? आणि यांच्या तोंडून गेलं, हो, बरं नाही, झोपलीय.

का असं म्हणालात, हे वहीवालीने विचारलं नाही. ते स्वतःहून सांगू लागले. कारखान्यात भट्टीवर एक कामगार होता. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. तो घरचं सगळं उरकून यायचा. एकदा त्याच्या बाहीला कणीक लागलेली मुकादमांनी पाहिली आणि भर पाळीत त्याला ‘मावशी’ म्हणून हाक मारली. साठ माणसं हसली. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत तो मावशीच राहिला. पुढे तो भिंतीकडे तोंड करून डबा खायला लागला.

“ते नाव कधीतरी मला शोधत येणार, हे माहीत होतं मला,” मुकादम म्हणाले. “म्हणून दार लावून घेतलं.”

दोरीवर नुसते पुरुषाचे कपडे दिसले तर लोक विचारतील धुतं कोण, म्हणून तिचा गाऊन रोज धुवायचा आणि रोज वाळत घालायचा. अंधार फिटायच्या आत. आणि आवाज? एकदा ते कांदा चिरत असताना शिवणताईने दार वाजवलं. यांनी ओ दिली, ती त्या बायकी आवाजात.

“मी ठरवून काढला नाही तो. आपोआप आला. आणि खरं सांगू का, आत काम करताना मी नसतोच. तीच असते. छत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो, माझी बायको काही करत नाही. आता पाच वाजता जाग येते ती तिला येते. मी सातला उठतो.”

वहीवालीने खोडरबर काढला. यादीत माणसं दोन होती, ती एक केली. क्रमांक एकचं पेपर-फेरफटक्याचं पान दोन वर्षांपूर्वीच्या माणसाचं होतं. ते रद्द केलं, आणि दुसरं पान त्यांच्या नावावर लिहिलं. पुरुष, चौसष्ट, घरकाम साडेसात तास. मुकादमांनी सही केली. कुणाला सांगणार का, असं त्यांनी विचारलं. वहीतलं बाहेर सांगायचं नसतं, असा नियम आहे, असं ती म्हणाली.

कार्यालयात साहेबांनी ते पान परत बोलावलं. साहेब भला माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. आकडे मशीनमध्ये घातल्यावर मशीनने पान बाहेर टाकलं होतं. एवढं घरकाम पुरुषाच्या रकान्यात बसत नव्हतं. रकाना चुकलाय तुमचा, ते हसून म्हणाले. चुकला नाही, तिने सांगितलं. उन्हातून फिरता, होतं असं, म्हणत साहेबांनी पेन उघडलं. पुरुषाचा आकडा एक, बाईचा दोन. त्यांनी एकचा दोन केला. मशीनने पान घेतलं.

परतीच्या बसमध्ये तिने ते मनाशी मांडून पाहिलं. आता सरकारदरबारी त्या घरात एक चौसष्ट वर्षांची बाई एकटी राहत होती. मेलेली बाई पानावर जिवंत झाली होती, आणि जिवंत माणूस कुठेच उरला नव्हता. हे सगळं एका सभ्य माणसाने, चूक दुरुस्त करतोय असं समजून, कुणाचंही वाईट न चिंतता केलं होतं. तिला राग आला असता तर बरं वाटलं असतं. तिला भीती वाटली.

तिने अर्ज केला. साहेबांना तो आवडला नाही, पण अर्ज केला की तपासनीस पाठवावाच लागतो. दीड महिन्याने तपासनीस आला. चष्मेवाला, हाडाचा कारकून. दुपारी बारा वाजता तिला घेऊन तो वसाहतीत गेला आणि आधी शेजारी विचारलं, या घरात कोण राहतं? शिवणताई म्हणाली, नवरा-बायको. त्याने कागद दाखवला. इथे एकटी बाई लिहिलीय, पुरुष नाही. शिवणताई वैतागून म्हणाली, अहो, असं कसं, दोघं आहेत, कालच बोलले मी वहिनींशी.

बोलण्याचा आवाज ऐकून गॅलरीत चार-पाच बायका आणि खालच्या मजल्यावरचा एक ड्रायव्हर जमले. मुकादमांनी दार उघडलं. तपासनीस म्हणाला, घरातल्या बाईंना बोलवा. मुकादमांनी वहीवालीकडे पाहिलं. तिला बोलण्याची मुभाच नव्हती.

“बायको जाऊन दोन वर्षं झाली,” मुकादम म्हणाले. “काम मी करतो.”

कुणाला ते कळलंच नाही. शिवणताई हसली. म्हणाली, काहीतरीच काय बोलता भाऊजी, मग माझ्याशी रोज कोण बोलतं?

मुकादमांनी खाली मान घातली. भर दुपारच्या उन्हात, सहा-सात माणसांसमोर, त्या धिप्पाड माणसाच्या तोंडून तो बारीक, किनरा आवाज आला.

“चाळणी हवीय का तुम्हाला?”

ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला. एका बाईने पोराला उचलून कडेवर घेतलं. शिवणताई आपल्या उंबऱ्यावर मटकन खाली बसली. दोन वर्षं ती त्या दारापाशी बोलली होती. नवऱ्याचा हात उठतो ते, मूल पोटातच गेलं ते, जे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं ते. आतून दर वेळी तिला धीर मिळाला होता, बाईने बाईला द्यावा तसा. तिने मुकादमांकडे पाहिलं, उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

तपासनिसाला यातलं काही लिहायचं नव्हतं. त्याने दोनचा एक केला, शिक्का मारला आणि जिना उतरला.

ते नाव आलंच. तिसऱ्या दिवशी जिन्याखालून कुणीतरी ‘मावशी’ अशी हाक मारली आणि हसू फुटलं. मुकादम तेव्हा उजेडात, दोरीपाशी चादर पिळत होते. त्यांनी पिळून झाल्यावर ती झटकली, वाळत घातली, चिमटे लावले आणि मगच आत गेले. मुलगा न्यायला आला, त्याच्याबरोबर गेले नाहीत. शिवणताई महिनाभर त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जात राहिली. मग एकदा संध्याकाळी आली आणि म्हणाली, मी काय काय बोलले ते विसरा. ते म्हणाले, विसरत नाही, पण बाहेर जाणार नाही. ती उंबऱ्याबाहेर थोडा वेळ उभी राहिली. पूर्वीसारखं बोलणं मात्र पुन्हा झालं नाही.

इकडे वहीवालीने एका रविवारी नवऱ्याला पाचला उठवलं. स्टुलावर बसवलं, कोरं पान दिलं आणि म्हणाली, मी जे करते ते फक्त लिहा. तो जांभया देत लिहू लागला. सातच्या सुमारास त्याचा हात थांबला. तो तिच्याकडे बघत होता, आपल्या घरात कुणी अनोळखी बाई बिनबोभाट वावरत असावी आणि आज अचानक दृष्टीस पडावी, तसा. त्या नजरेने तीच दचकली. रोज असं? एवढंच त्याने विचारलं. पुढे तो पाणी भरायला उठू लागला. कधी उठायचा, कधी नाही.

वर्ष संपताना सहीसाठी ती शेवटची मुकादमांकडे गेली. पडदा काढून टाकलेला होता. दोरीवर त्यांचेच कपडे होते. ते थकलेले दिसले. म्हणाले, त्या दुपारनंतर तो आवाज परत आला नाही. मुद्दाम काढून पाहिला, घशात बसतच नाही. पाचला उठतो ते आता मीच.

मग त्यांनी विचारलं की पानावर एक गोष्ट घालायची राहिली, ती कुठल्या रकान्यात जाते. दोनच्या सुमारास कामं उरकली की ते स्टुलावर बसतात आणि रडतात. अर्धा तास तरी. दोन वर्षं त्याला वेळ झाला नव्हता.

वहीवालीने मागच्या पानावरची कामांच्या रकान्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तसा रकाना नव्हता. ती म्हणाली, ‘इतर’मध्ये लिहिते, चालेल का? मुकादम चालेल म्हणाले, आणि शेगडीवर चहा ठेवायला उठले.